इंग्रजीतली मॉडल्स (कॅन, मे, मस्ट वगैरे) पक्की करायची असतील तर शनिवार चुकवू नका

पुण्यात मंडई मेट्रो स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा इंग्रजीचा क्लास चालतो. केंब्रिजच्या बी-वन प्रिलिमिनरीची, म्हणजे पूर्वी जिला पेट म्हणायचे त्या परीक्षेची, तयारी करून घेतात (बी-वन म्हणजे इंग्रजीची मधली पातळी). क्लासचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि मॅडमशी बोलणं टिकवायचंय. आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी 7 ते 8.30 आणि शनिवारी दुपारी बोलण्याचा सराव. फी साडेसात हजार, परीक्षेची फी वेगळी.

मी भोसरीला एका कंपनीत डिस्पॅच बघते. शाळा मराठी माध्यमाची. दहावीला मॉडल ऑक्झिलरीज, म्हणजे मुख्य क्रियापदाच्या आधी येणारी मदतनीस क्रियापदं, घोकल्या होत्या: कॅन म्हणजे क्षमता, मे म्हणजे परवानगी, मस्ट म्हणजे सक्ती. ओळखा, लिहा, मार्क घ्या, विषय संपला. आता एक्स्पोर्टच्या टेबलावर जायचं तर साहेबांना बी-वनचं सर्टिफिकेट हवंय. नाशिक फाट्याला मेट्रोत बसलं की थेट मंडईला उतरता येतं, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. हा क्लास निवडायचं खरं कारण एवढंच.

आधी चांगलं सांगते. मॅडम फळ्यावर उत्तम शिकवतात. वाचनाच्या पेपरात 6 भाग, 32 प्रश्न आणि 45 मिनिटं. शेवटच्या भागात 6 गाळलेल्या जागा असतात, पर्याय दिलेले नसतात आणि एकेकच शब्द भरायचा असतो. 'वी ___ टू वेअर अ युनिफॉर्म' असं आलं की निम्मा वर्ग बिनदिक्कत 'मस्ट' लिहून मोकळा होतो. मॅडम ओरडत नाहीत. मार्कर उचलतात, 'टू'भोवती गोल काढतात आणि गप्प उभ्या राहतात. मस्टच्या पुढे टू येत नाही, मग इथे हॅव नाहीतर नीड, हे पोरं स्वतःच ओरडून सांगतात. 'आय कॅन एबल टू' म्हणणाऱ्याला तर त्या एवढंच विचारतात, "एका पायात दोन चपला कशाला?" कॅन तरी घ्या, नाहीतर ॲम एबल टू. आमच्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, आता मला प्रत्येक वेळी चपला दिसतात.

पहिल्या भागात छोट्या सूचना, पाट्या, मेसेज असतात आणि तीन पर्यायांतून अर्थ ओळखायचा असतो. त्यासाठी मॅडम आम्हालाच प्रश्न तयार करायला लावतात. मी पोहण्याच्या तलावाची पाटी केली: मुलांनी टोपी घातलीच पाहिजे, मोठ्यांनी हवं तर. एका पर्यायात मोठ्यांसाठी 'मस्टंट' लिहिलं, दुसऱ्यात 'डोंट हॅव टू'. मस्टंट म्हणजे घालायचीच नाही, डोंट हॅव टू म्हणजे नाही घातली तरी चालेल. वाचताना सोपं वाटतं, पण घड्याळ लावून बसवल्यावर वर्गातल्या बऱ्याच जणांनी मोठ्यांच्या टोप्या काढून घेतल्या.

आता वर्कशीट्स. फीमध्ये 'मटेरियल' म्हणून जे येतं ते झेरॉक्सची झेरॉक्स आहे, काही ठिकाणी गाळलेल्या जागेची रेघच गाळलेली. तेही चाललं असतं, पण उत्तरं तरी बरोबर द्या! आग लागली, पण सगळ्यांना बाहेर पडता आलं, अशा अर्थाचं वाक्य होतं. पर्याय 'कुड' आणि 'वॉज एबल टू'. मागच्या उत्तरांत 'कुड' छापलंय. लहानपणी मला पोहता यायचं, अशा कायमच्या गोष्टीला कुड ठीक आहे. एकदाच घडलेल्या, जमून गेलेल्या गोष्टीला वॉज एबल टू लागतं. नकार असेल तर मात्र कुडंट दोन्हीकडे चालतं. दाखवल्यावर मॅडमनी लगेच फळ्यावर दुरुस्त केलं, "बरोबर आहे तुमचं" असंही म्हणाल्या. नंतरच्या बॅचला तोच कागद, तेच उत्तर. शिवाय आय शॅल, वी शॅलचे जुने नियम एक अख्खी संध्याकाळ खाऊन गेले. या पातळीवर शॅल लागतं ते बहुतेक 'शॅल वी गो?' असं सुचवायला, ते दहा मिनिटांत झालं असतं.

शनिवार मात्र वसूल. तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात एक रंगीत फोटो देतात आणि त्यावर साधारण मिनिटभर बोलायचं असतं. मिनिट किती लांब असतं ते तिथे कळतं. फोटोत स्टेशनवर कोट घालून बसलेली बाई, शेजारी पुरुष, खाली दोन बॅगा. आम्ही सगळे आधी यादी वाचायचो: देअर इज अ वूमन, देअर आर टू बॅग्ज. पंधरा सेकंदांत दुकान बंद. मॅडम म्हणाल्या, "दिसतंय ते सांगून झालं. आता न दिसणारं सांगा." मग गाडी रुळावर आली. शी माइट बी गोइंग होम. दे मस्ट बी वेटिंग फॉर अ ट्रेन. इट कांट बी समर, बिकॉज शी इज वेअरिंग अ कोट. अंदाजाच्या मस्टचं उलटं मस्टंट नाही, कांट, हे कुठल्याही तक्त्यापेक्षा त्या कोटाने पक्कं केलं. बॅचमधले बँकेतून रिटायर झालेले काका तर सुटलेच: "शी मस्ट बी टायर्ड. ही इज नॉट कॅरिंग एनिथिंग." काकू बरोबर नव्हत्या म्हणून बरं.

माझी मोठी तक्रारही शनिवारचीच आहे. खऱ्या परीक्षेत साधारणपणे दोन उमेदवार एकत्र बसतात, दोन परीक्षक असतात आणि जोडीला मिळून 12 मिनिटं. तिसऱ्या भागात तर त्या दोघांनी आपसात बोलून काहीतरी ठरवायचं असतं. इथे वेळ नाही म्हणून एकेकाला मॅडमसमोर बसवतात. मग आपसात बोलायचं कुणाशी? शेवटी मी आणि नववीतली एक मुलगी जिन्यात बसून सराव करायला लागलो. विषय होता, शाळा सोडून जाणाऱ्या मित्राला काय भेट द्यायची. पोरगी वैतागून म्हणाली, "मावशी, तुम्ही सारखं यू शुड, यू शुड करता, आई बोलल्यासारखं वाटतं. वी कुड म्हणा ना." तेव्हापासून माझ्या कामाच्या मेलमधलं 'यू मस्ट सेंड द पॅकिंग लिस्ट' गेलं आणि 'कुड यू सेंड' आलं. त्या मुलीला फीतला वाटा द्यायला हवा.

बाकी किरकोळ. खोली स्वच्छ आहे, पंखे चालतात, बाकं मात्र शाळकरी मुलांच्या मापाची. पार्किंगचा विचारही करू नका, गाडी घरी ठेवून मेट्रोने या. गणपतीत क्लास बंद असतो, पण बुडालेले तास भरून देतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. पास व्हायला 140 स्कोअर लागतो, 160 किंवा त्यावर गेलात तर सर्टिफिकेटवर बी-टू, म्हणजे वरची पातळी, येतं. तेवढ्या वरचं लक्ष्य असेल तर इथली वर्कशीट्स पुरायची नाहीत, चांगल्या उत्तरांचं पुस्तक वेगळं घ्या. व्याकरण बऱ्यापैकी येतं पण तोंड उघडत नाही, अशांनी नुसत्या शनिवारची फी विचारावी. मॅडम आधी नाही म्हणतात, दोघांनी मिळून विचारलं तर तयार होतात. तशीही जोडी लागणारच आहे, सोबतीला कुणीतरी घेऊनच जा.