ॲडम्सची ‘हार्मोनीलेरे’: आधी कोणतं रेकॉर्डिंग ऐकावं?

जॉन ॲडम्स या अमेरिकन संगीतकाराची ‘हार्मोनीलेरे’ ऐकायची असं ठरवलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: कोणाची ऐकायची? चाळीस मिनिटांची रचना, तीच स्वरलिपी, पण रेकॉर्डिंगं बरीच. त्यांतली चार मी आलटूनपालटून ऐकत आलो आहे. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने वाद्यवृंद-संचालक मायकेल टिल्सन थॉमस आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनीचं घ्यावं, हे आधीच सांगून टाकतो. मी स्वतः मात्र जास्त वेळा वळतो ते दुसरे एक संचालक, सायमन रॅटल यांच्याकडे. असं का, ते सांगायचं तर आधी रचनेत शिरायला हवं.

ॲडम्सला मिनिमलिझमच्या परंपरेतला मानतात. छोटे स्वरसमूह, अखंड ठोका आणि सावकाश होणारे बदल, ही त्या शैलीची ओळख. ॲडम्सच्या आधीच्या पिढीतल्या दोघांचा आपल्या संगीताशी थेट संबंध आला होता. फिलिप ग्लासने पॅरिसमध्ये रविशंकरांबरोबर काम केलं आणि अल्लारखाँकडे तबल्याचे धडे घेतले. टेरी रायली तर किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. ॲडम्सची वाट वेगळी. त्याचं भांडण होतं ते ऑस्ट्रियन संगीतकार अर्नोल्ड शोनबर्गशी. हार्वर्डमधले त्याचे गुरू लिऑन कर्शनर हे शोनबर्गचे विद्यार्थी, आणि ‘हार्मोनीलेरे’ हे शोनबर्गच्या 1911 च्या स्वरसंवादशास्त्रावरच्या ग्रंथाचं नाव. ते नाव घेऊन ॲडम्सने अशी रचना केली जिच्यात शोनबर्गने नंतर मागे टाकलेले मेजर-मायनर स्वरमेळ, म्हणजे एकदम वाजणारे स्वरांचे गट, पूर्ण ताकदीने परत येतात.

ख्याल ऐकणाऱ्याला सावकाश उलगडणारं संगीत नवं नाही. अडचण येते ती दुसरीकडे. आपल्याकडे षड्ज पक्का असतो. तानपुरा तो धरून ठेवतो आणि सगळा प्रवास त्याच्याभोवती होतो. इथे ठोका टिकून राहतो आणि षड्जच हलतो. रचना सुरू होते ई मायनरच्या दणक्यांनी आणि संपते ई फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे षड्ज अर्ध्या स्वराने खाली सरकलेला असतो. मधल्या चाळीस मिनिटांत तो किती ठिकाणी जाऊन येतो, हेच या रचनेचं कथानक आहे. म्हणून माझी कसोटी एकच: ज्या क्षणी पायाखालची जमीन सरकते तो क्षण कानाला लख्ख कळतो का?

या सुरुवातीच्या दणक्यांमागे एक स्वप्न आहे. दीड वर्षं ॲडम्सला काही सुचत नव्हतं. मग स्वप्नात तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवरून जात होता आणि पाण्यातलं एक अजस्र तेलवाहू जहाज उभं राहून सॅटर्न रॉकेटसारखं आकाशात झेपावलं. पहिला भाग सतरा मिनिटांचा: दोन्ही टोकांना प्रचंड ऊर्जा आणि मध्ये दीर्घ, ओढ लावणारी सुरावट. दुसऱ्या भागाचं नाव ‘ॲनफोर्टसची जखम’. ॲनफोर्टस हा पाश्चात्त्य दंतकथांमधला न भरणारी जखम वागवणारा राजा. तिसऱ्याचं नाव ‘माइस्टर एकहार्ट आणि क्वॅकी’. एकहार्ट हा मध्ययुगीन जर्मन संत आणि क्वॅकी हे ॲडम्सच्या तान्ह्या लेकीचं लाडाचं नाव. हेही स्वप्नच: लेक संताच्या खांद्यावर बसून ताऱ्यांमधून तरंगते आहे.

पहिलं रेकॉर्डिंग एडो द वार्ट यांचं, सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसह, नोनसच कंपनीचं, 1985 सालचं. 21 मार्च 1985 ला रचनेचा पहिला प्रयोग याच मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोच्या डेव्हिस सिंफनी हॉलमध्ये केला होता; ॲडम्स तेव्हा या वाद्यवृंदाचा निवासी संगीतकार होता. शाई वाळायच्या आत केलेलं हे काम आहे आणि ते ऐकू येतं. वादक मोजून वाजवत आहेत, एकमेकांना धरून आहेत; त्यातून जो ताण तयार होतो तो पुढच्या कोणत्याही रेकॉर्डिंगमध्ये मला सापडलेला नाही. पण ध्वनी त्या काळचा. पितळी वाद्यांच्या गर्दीत हार्प, पियानो आणि सेलेस्टा दबून जातात. या रचनेत दोन हार्प आहेत आणि ठोक्याची चकाकी बरीचशी त्यांच्यावर अवलंबून आहे, तेव्हा हा तोटा किरकोळ नाही. ज्याला रचना ओळखीची आहे त्याने हे जरूर ऐकावं, पण ओळख इथून करून घेऊ नये.

रॅटल यांचं रेकॉर्डिंग बर्मिंगहॅम सिटी सिंफनीबरोबरचं, ईएमआयने 1994 मध्ये काढलेलं. याचा दुसरा भाग ऐकावा. सुरांच्या संथ, करड्या पडद्यावर एकटा ट्रंपेट लांबच लांब गात राहतो. खाली मायनर स्वरमेळ एका वाद्यसमूहाकडून दुसऱ्याकडे सावल्यांसारखे सरकत जातात. मग दोन उद्रेक होतात. दुसरा तर ऑस्ट्रियन संगीतकार महलरच्या अपुऱ्या राहिलेल्या दहाव्या सिंफनीची उघड आठवण आहे. रॅटल महलर मनापासून वाजवणारे, आणि इथे त्यांना वेगळं काही करावं लागत नाही. ट्रंपेटला ते घाई करू देत नाहीत. उद्रेक ओसरल्यावर जी शांतता येते, तिच्यात स्वर कुठे जाऊन थांबला आहे हे समजायला ते पुरेसा वेळ देतात. भीमसेनजींचा विलंबित ख्याल ऐकून ज्याचा कान तयार झालाय, त्याला हा भाग परका वाटणार नाही. पहिल्या भागात मात्र रॅटलचा ध्वनी जरा जास्त गोलाईदार आहे. सुरुवातीच्या ई मायनरला जो खडबडीतपणा हवा, दगडावर घण पडावा तसा, तो इथे थोडा कमी पडतो.

आता टिल्सन थॉमस. पुन्हा सॅन फ्रान्सिस्को सिंफनी, पुन्हा डेव्हिस सिंफनी हॉल, पण मध्ये पंचवीस वर्षं गेलेली. 2010 च्या डिसेंबरमध्ये प्रत्यक्ष मैफलींत हे ध्वनिमुद्रण झालं, 2012 मध्ये वाद्यवृंदाच्या स्वतःच्या लेबलवर आलं आणि पुढच्या वर्षी त्याला वाद्यवृंद-सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. ज्या वाद्यवृंदासाठी रचना लिहिली गेली त्याच्या अंगात ती आता मुरली आहे. अवघड तालांची धडपड कुठेच दिसत नाही, त्यामुळे सगळं लक्ष स्वरांकडे जातं. माझ्या कसोटीवर हे सगळ्यांत वरचढ ठरतं. तिसऱ्या भागात अंगाईसारखी सुरुवात हळूहळू वेग घेते, वजन वाढतं, वेगवेगळी स्वरकेंद्रं एकमेकांशी झुंजतात आणि शेवटी खर्जात ई फ्लॅट ठाण मांडतो. टिल्सन थॉमसकडे ही झुंज पायरीपायरीने ऐकू येते. कोण जिंकतंय ते नवख्या कानालाही कळतं. जमीन सरकली हे कळण्यासाठी आधी जमीन ऐकू यावी लागते. इथे डबल बास आणि ट्युबांचा आवाज इतका स्वच्छ आहे की ती येते.

चौथं, खुद्द ॲडम्सने बर्लिन फिलहार्मोनिकसह केलेलं. तो 2016-17 मध्ये तिथे निवासी संगीतकार होता आणि 2017 मध्ये त्या वाद्यवृंदाने चार सीडी आणि दोन ब्लू-रेंचा संच काढला. संगीतकाराचाच हात, तेव्हा हेच प्रमाण मानावं असं वाटणं साहजिक आहे. मला तसं वाटत नाही. तंतुवाद्यांचा भरणा अप्रतिम आहे, पहिल्या भागातली मधली ओढीची सुरावट इतकी श्रीमंत दुसरीकडे कुठे मिळत नाही. पण ठोक्याची धार त्या श्रीमंतीत बोथट होते. संच महाग आहे. ॲडम्स आवडतो हे नक्की झाल्यावर घ्यावा, कारण त्यात ‘सिटी नॉयर’ आणि ‘शेहेरजाद.2’ सारख्या पुढच्या काळातल्या रचनाही आहेत.

सोबत काय मिळतं हेही बघावं. टिल्सन थॉमसच्या सीडीवर ‘शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन’ आहे: चार मिनिटांची सुसाट रचना, जिचा 1986 चा पहिला प्रयोग त्यांनीच पिट्सबर्ग सिंफनीसह केला होता. रॅटलकडे तीही आहे, शिवाय ‘द चेअरमन डान्सेस’ आणि दोन ट्रंपेटांची हळुवार ‘ट्रोम्बा लोन्ताना’. फक्त सोबतीवर ठरवायचं तर रॅटल.

आणि ऐकणार कुठे? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. टिल्सन थॉमसच्या रेकॉर्डिंगमध्ये हलका आवाज खरोखर हलका आहे आणि मोठा खरोखर मोठा. लोकलमध्ये इअरफोनवर दुसऱ्या भागाचा अर्धा ऐवज गाडीच्या खडखडाटात हरवतो. ट्रंपेट ऐकू यावा म्हणून आवाज वाढवला की उद्रेकाला कान दुखतात. प्रवासात ऐकणार असाल तर द वार्टचं जुनं रेकॉर्डिंग जास्त सोयीचं. घरी स्पीकर असतील, तर पहिल्या दणक्यांना आवाज सोसेल इतका ठेवा आणि मग शेवटपर्यंत बटणाला हात लावू नका.