नागपूरहून बेटावर तंबू टाकायचा, तर कुठे? हॅवलॉक, लाँग आयलंड की माजुली

बेटावर तंबू टाकायचा बेत ठरला की नागपुरात पहिली धावपळ विमानाच्या तिकिटाची होते. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग. बेत फसतो तो शेवटच्या पाण्याच्या टप्प्यावर. फेरी कोणत्या वारी सुटते, रद्द झाली तर पुढची कधी, तिच्यावर काय नेता येतं आणि पलीकडे उतरल्यावर तंबू टाकायची मुभा तरी आहे का, यावरच बेट निवडावं. या हिशेबाने तीन ठिकाणं विचारात घेण्यासारखी आहेत: अंदमानातलं हॅवलॉक (२०१८ पासून स्वराज द्वीप), तिथलंच लाँग आयलंड आणि आसामात ब्रह्मपुत्रेतलं माजुली.

लक्षद्वीपचं नाव हमखास निघतं. तिथे प्रवेशालाच परवाना लागतो, मुक्काम आधी ठरलेला असावा लागतो आणि तंबू असले तरी ते तिथल्या व्यवस्थेचे. स्वतःचा तंबू पाठीवर घेऊन फिरणाऱ्याने ते नाव यादीतून काढलेलं बरं.

किती दिवसांची रजा

हॅवलॉकला सहा दिवस पुरतात. नागपूरहून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळुरूला बदलावं लागतं, म्हणून पहिली रात्र पोर्ट ब्लेअरलाच धरा. दुसऱ्या दिवशी फेरी. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. खासगी कॅटामरान (जोडसांगाड्याची वेगवान बोट) दीड तासात पोचवते, सरकारी बोट अडीच तास घेते. खासगी तिकीट हजाराच्या वर जातं, सरकारी काहीशे रुपयांत होतं. पण सरकारी बोटीवर बेटवासीयांना प्राधान्य असतं, आणि ते असायलाच हवं. त्यांची ती एसटी आहे.

लाँग आयलंडला नऊ दिवसांपेक्षा कमी रजा असेल तर जाऊच नका. इथे रोज बोट नाही. पोर्ट ब्लेअरहून सरकारी फेरी आठवड्यातले ठरावीक दिवसच जाते, आणि ते दिवस बदलतात. दुसरी वाट रस्त्याची. अंदमान ट्रंक रोडने बसमध्ये रंगत, तिथून येराटा जेट्टी आणि मग छोटी बोट. या रस्त्याचा एक भाग जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाड्या ठरलेल्या वेळीच ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायला आणि फोटो काढायला सक्त मनाई आहे. सकाळचा ताफा चुकला की त्या दिवशीची येराट्याची बोटही गेली असंच समजा. दोन रात्री तंबूत काढण्यासाठी जाण्यायेण्यात चार दिवस आणि वर राखीव दोन, असा हा हिशेब आहे.

माजुलीला विमानाने पाच दिवस. नागपूर-कोलकाता-जोरहाट, रात्री जोरहाटात मुक्काम, सकाळी १४ किलोमीटरवरचा निमाती घाट आणि तिथून कमलाबारीची फेरी. जाताना सुमारे तासभर. परतताना बोट प्रवाहाविरुद्ध चढते, म्हणून दीड तास धरा. रेल्वेने जायचं तर नागपूर-हावडा, हावडा-गुवाहाटी, गुवाहाटी-जोरहाट असे तीन टप्पे होतात आणि रजा नऊ-दहा दिवसांवर जाते. पैसे मात्र बरेच वाचतात. शिवाय रेल्वेत विमानासारखी १५ किलोच्या सामानाची कटकट नाही.

तिन्ही ठिकाणी एक नियम पाळा. परतीचं विमान ज्या दिवशी, त्या दिवशी फेरी धरायची नाही. अंदमानात वारा वाढला आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागला की बोटी थांबतात. माजुलीला डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं उठेपर्यंत बोट सुटत नाही. फेरी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतील, पण हुकलेल्या विमानाचे कोणी देत नाही.

तंबू टाकायला मुभा आहे का

निवड खरी इथे ठरते.

हॅवलॉकला राधानगर किनाऱ्याच्या रेतीवर स्वतःचा तंबू टाकून तारे बघण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका. किनाऱ्यावर परवानगीशिवाय तंबू चालत नाही, आणि ती मिळेल असं धरून निघण्यात अर्थ नाही. तिथे तंबू म्हणजे एखाद्या रिसॉर्टच्या आवारातला, पंखा आणि खाट असलेला. त्यात वाईट काही नाही. लहान मुलं आणि आई-बाबा सोबत असतील तर आम्ही तेच सुचवू. पण मग नागपूरहून तीन किलोचा तंबू वाहून नेऊ नका.

लाँग आयलंडवर लालाजी बे हा ओढ लावणारा किनारा आहे. गावातून जंगलवाटेने दोनेक तास चालून किंवा स्थानिकांच्या डुंगीने (छोट्या होडीने) तिथे जातात. ही वनखात्याची जागा. लेखी परवानगी पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्या. बेटावर पोचून साहेबांना शोधण्यात एक दिवस जातो. परवानगी नसेल तर गावात मुक्काम करा आणि दिवसा किनाऱ्यावर जा. आजूबाजूच्या निर्जन बेटांवर डुंगीवाला नेईल म्हणाला तरी रात्र काढू नका. अंदमानात आदिवासी राखीव क्षेत्रांना १९५६ चा कायदा लागू आहे, आणि कुठली हद्द कुठे संपते हे पाण्यावरून दिसत नाही.

माजुली या बाबतीत सर्वांत मोकळं. वस्ती आहे, शेती आहे, खासगी जमीन आहे. मिसिंग जमातीच्या लोकांच्या बांबूच्या उंच घरांशेजारच्या अंगणात विचारून, ठरलेले पैसे देऊन तंबू टाकता येतो. पलीकडे नदीची मोकळी रेती आहे, पण तिथेही गावात सांगून जा. एक म्हणजे तो शिष्टाचार, दुसरं म्हणजे रानहत्तींचे कळप कधीकधी नदी ओलांडून येतात आणि कोणत्या बाजूला आहेत हे गावालाच ठाऊक असतं.

जमीन, पाणी, किडे

विदर्भातल्या माणसाला भरती-ओहोटीची सवय नाही, म्हणून अंदमानात पहिली चूक जागा निवडताना होते. दुपारी ओहोटीला पोचलात तर किनारा ऐसपैस दिसतो. दिवसात दोनदा भरती येते, रोज साधारण ५० मिनिटं उशिराने. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणात पातळीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो. सुकलेलं शेवाळ, काटक्या आणि कचरा यांची जी सर्वांत वरची रेघ दिसते, तिच्याही मागे, झाडांच्या ओळीत घट्ट जमिनीवर तंबू टाका. नारळाखाली नाही. वाळकी फांदी लटकलेल्या झाडाखालीही नाही.

मागे सरकण्याचं दुसरं कारण वाळूमाश्या. ओल्या रेतीत त्यांची पैदास होते, पहाटे आणि तिन्हीसांजेला त्या जमिनीलगत उडतात आणि साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आत येतात. तंबूची जाळी अतिबारीक विणीची हवी. विकत घेताना जाळी डोळ्यांसमोर धरून बघा. अंगभर कपडे, उघड्या त्वचेवर डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम. चावल्यावर खाजवलं की दोन दिवसांत जखम पिकते, म्हणून नखं कापून जा. हे हसण्यावारी नेऊ नका.

मगरी आहेत. खाऱ्या पाण्यातल्या, मोठ्या. २०१० मध्ये हॅवलॉकला राधानगरजवळ एका अमेरिकन पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. नाल्याच्या मुखाशी, खारफुटीजवळ आणि अंधार पडल्यावर पाण्यात उतरायचं नाही, भांडी घासायलाही नाही.

माजुलीत या तिन्ही भानगडी नाहीत. तिथली भीती वेगळी: जमीनच ढासळते. ब्रह्मपुत्रा बेटाचे काठ सतत कापत असते. काठ उभा कापलेला दिसला, वरच्या जमिनीत काठाला समांतर भेगा दिसल्या, तर तिथून निदान पन्नास पावलं मागे या. थंडीत रात्री पारा ८ ते १० अंशांवर उतरतो आणि दव इतकं पडतं की सकाळी तंबू आतून ओला लागतो. ते गळणं नव्हे. आपल्याच श्वासाची वाफ थंड कापडावर जमते. वरच्या खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या की प्रश्न निम्मा सुटतो.

पिण्याच्या पाण्याला अंदमानच्या दमट हवेत माणशी रोज चार लिटर धरा. तिघे, दोन रात्री, म्हणजे २४ लिटर. लालाजी बेच्या चालीच्या वाटेने हे ओझं झेपत नाही, म्हणून सामान डुंगीने पाठवणं शहाणपणाचं. माजुलीला पाणी मुबलक, पण आसामच्या काही भागांत भूजलात लोह आणि आर्सेनिक आढळतं. आर्सेनिक उकळून जात नाही. पिण्यासाठी बंद बाटलीचंच घ्या.

सामान: काय तेच, काय वेगळं

तंबूसोबत मिळणाऱ्या सळईसारख्या बारीक खुंट्या रेतीत निकामी. त्याऐवजी दहा रिकाम्या कापडी पिशव्या न्या. रेतीने भरून, तोंड बांधून, फूटभर खोल पुरायच्या आणि दोर त्यांना बांधायचा. दोराची ओढ पिशवीवर आडवी यावी, वरच्या दिशेने नाही. तसं झालं तर पिशवी उपसून येते. इतवारीत साधी नायलॉनची दोरी आणि ताडपत्री घेऊन कन्हानच्या रेतीत एक दुपार हा प्रयोग करून बघा. तिथे जमलं की कुठेही जमेल.

अंदमानसाठी झोपायची पिशवी नको. सुती चादर पुरते, आणि किलोभर वजन वाचतं. माजुलीसाठी ५ ते १० अंशांची पिशवी हवीच, खाली फोमची चटई. थंडी वरून कमी, खालून जास्त लागते.

चुलीचा गॅस हा सगळ्यांचा अडसर. गॅसची नळकांडी विमानात चेक-इनमध्येही चालत नाहीत, आगपेटीही नाही. प्रवासी बोटींवरही ज्वलनशील माल चालत नाही. अंदमानच्या जंगलपट्ट्यात शेकोटी करणं म्हणजे दंडाला आमंत्रण. त्यामुळे लाँग आयलंडचा आहार बिनचुलीचा ठरवा: सातूचं पीठ, चिवडा, तिखट शेव, खजूर, दशम्या. एक वेळचं गरम जेवण गावात सांगून ठेवता येतं. माजुलीत हा प्रश्न फारसा उरत नाही. ज्यांच्या अंगणात तंबू, त्यांच्याकडेच भात, मासा आणि पालेभाजी मिळते.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आत. म्हणजे २७,००० एमएएचपर्यंत. सूर्य दोन्हीकडे नागपूरपेक्षा लवकर मावळतो. डिसेंबरात अंदमानात पाचच्या सुमाराला, माजुलीत साडेचारलाच. तंबू तीनपर्यंत उभा झाला पाहिजे. हेडलॅम्पला लाल दिवा असेल तर उत्तम, कारण हिवाळ्यात अंदमानच्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात आणि पांढऱ्या उजेडाने बिचकून परत फिरतात. रोख पैसे तिन्हीकडे जवळ ठेवा. समुद्राखालची ऑप्टिकल फायबर २०२० मध्ये लाँग आयलंडपर्यंत पोचली, तरी डुंगीवाल्याला नोटाच द्याव्या लागतील असं धरून चला.

बोट लागण्याची धास्ती असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी घ्या. पोट रिकामं नको, तर्रीने भरलेलंही नको. बंद वातानुकूलित कॅटामरानपेक्षा सरकारी बोटीच्या डेकवर, मध्यभागी, क्षितिजाकडे बघत बसलं की त्रास कमी होतो. माजुलीच्या फेरीत लाटांचा त्रास नाही, पण चढल्यावर लाइफ जॅकेट कुठे आहेत ते आधी पाहा. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमाती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन एक बुडाली. त्यानंतर एक इंजिनाच्या खासगी प्रवासी बोटी बंद केल्या गेल्या. खच्चून भरलेली फेरी सोडून पुढची घ्या, मात्र शेवटची फेरी दुपारीच सुटते हे विसरू नका.

केव्हा

दिवाळीची सुट्टी: माजुली. पूर ओसरलेला असतो, नोव्हेंबरात सत्रांमध्ये (तिथल्या वैष्णव मठांमध्ये) रास असतो. अंदमानात तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा काळ, म्हणून नको.

नाताळ: दोन्हीकडे हवा चांगली, पण हॅवलॉकला तोबा गर्दी. त्यात नागपूरला हिवाळी अधिवेशन असलं की डिसेंबरात इथली विमानंही महागतात.

मे महिना: एकही नाही. अंदमानात विसाव्या-बाविसाव्या तारखेच्या सुमाराला मोसमी पाऊस लागतो, आणि आसामात वादळी पावसानंतर पूर. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ लाँग आयलंडला सर्वांत शांत. तेव्हा शाळा चालू असतात, म्हणून ते बेट मुख्यतः मुलं मोठी झालेल्यांचं किंवा अजून नसलेल्यांचं.

आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा स्वतःचा तंबू नेणाऱ्याने माजुलीला जावं. तिथे चूक झाली तर शंभर पावलांवर घर असतं. समुद्रच हवा आणि रजा आठवड्याची, तर हॅवलॉक, पण तंबूशिवाय. लाँग आयलंड एक बेट आधी करून आलेल्याने घ्यावं. त्यासाठी दोन्ही टोकांची विमानं आधी पक्की करा, मधले दिवस मोकळे सोडा, आणि पोर्ट ब्लेअरला उतरल्या दिवशीच फिनिक्स बे जेट्टीच्या खिडकीवर जाऊन जायचं आणि यायचं अशी दोन्ही तिकिटं एकदम मागा. परतीचं मिळत नसेल तर जायचंही घेऊ नका. सरळ हॅवलॉकची रांग धरा.