साइजआधी माल विचारणारे तुर्भ्याचे टायरचे दुकान
आमची पिकअप आठवड्यातून तीन फेऱ्या ओतूरहून माळशेज घाटमार्गे वाशीच्या एपीएमसी बाजारात कांदा घेऊन येते. गेल्या महिन्यात तिचे टायर बदलायला मी तुर्भ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका जुन्या दुकानात गेलो. भावाची चौकशी करण्याआधीच तिथल्या मिस्त्रींनी विचारले, "काका, माल किती भरता आणि रस्ता कुठला?" हा प्रश्न मला आजवर कुठल्याही दुकानात कोणी विचारला नव्हता.

त्याचे मोल मला कळले, कारण मागच्या खेपेस मी ठेच खाल्ली होती. ठाण्यातील एका दुकानात "रुंद टायर म्हणजे जास्त पकड" असे सांगून कंपनीच्या २१५/७५ आर १५ ऐवजी २३५/७५ आर १५ बसवून दिले गेले. यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते आणि शेवटचा रिमचा इंचातला व्यास. हिशेब केला तर जुन्या टायरची उंची ७०३.५ मिमी येते आणि नव्याची ७३३.५. एवढ्या तीन सेंटिमीटरने काय बिघडते, असे मलाही वाटले होते. पण स्टेअरिंग पूर्ण वळवले की पुढचा टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू लागला, काट्यावर ६० दिसताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या आसपास धावू लागली, आणि घाटात जो चढ तिसऱ्या गिअरवर निघायचा तिथे दुसरा टाकावा लागला. स्टेपनी मात्र जुन्याच साइजची राहिली.

तुर्भ्याच्या मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडून चौकटीवरचा टायरच्या साइजचा स्टिकर वाचला, मग खाली बसून ओल्या फडक्याने मागच्या टायरची भिंत पुसली आणि साइजनंतरच्या १०५ या आकड्यावर अंगठा ठेवला. हा आकडा टायर किती वजन पेलतो ते सांगतो; १०५ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ९२५ किलो. कंपनीच्या मूळ टायरवर, जो स्टेपनीत तसाच होता, १०६ म्हणजे ९५० किलो होते. दिसायला दांडगा असलेला टायर मोटारीच्या जातीचा निघाला आणि वजन कमी पेलत होता, हे दोन वर्षे मला ठाऊकच नव्हते! शिवाय माझे रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५ला निदान सहा इंच लागतात, हेही त्यांनी टेप लावून दाखवले.

शेवटी २१५/७५ आर १५च, मालवाहू प्रकारातले, १०६ क्रमांकाचे घेतले. निर्मितीचा चार आकडी शिक्का, म्हणजे आधी आठवडा आणि मग वर्ष, प्रत्येक टायरवर दाखवला आणि बिलावर टायरचे क्रमांक लिहून दिले.

उणिवाही सांगायला हव्यात. भावात घासाघीस चालत नाही, सकाळी बाजारातल्या गाड्यांची रांग असल्याने दोन तास खोळंबा झाला आणि अलाइनमेंटची, म्हणजे चाके सरळ रेषेत लावून घेण्याची, सोय नसल्याने त्यासाठी दुसरीकडे जावे लागले. एवढ्या जुन्या दुकानाने ती सोय करायलाच हवी.

शंभरेक किलोमीटर चालवून नट आवळायला परत या, असे त्यांनी बजावले होते. गेलो तेव्हा मागच्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.