उशाशी कोणता दिवा: एक्लिसे की अतोल्लो?

दोन्ही टेबलावरचे दिवे मिलानचे डिझायनर व्हिको माजिस्ट्रेत्ती यांचे. ‘कोम्पासो दोरो’ हा इटलीतला डिझाइनचा मोठा मानही दोघांना मिळालेला, एक्लिसेला 1967 मध्ये आणि अतोल्लोला 1979 मध्ये. म्हणजे नावावरून काही ठरत नाही. ठरतं ते जुना नग घेऊन रोज पलंगाशेजारी वापरायचा म्हटल्यावर.

दिसण्यात ओलूचे कंपनीचा अतोल्लो (1977) वरचढ, यात वाद नाही. सिलिंडर, त्यावर शंकू, त्यावर अर्धगोल. डिझाइन फोनवर सांगता आलं पाहिजे असं माजिस्ट्रेत्ती म्हणत. हा दिवा खरोखरच तसा सांगता येतो. लावला की शंकू उजळतो आणि वरचा घुमट अधांतरी वाटतो. मोठा नग 70 सेंमी उंच आणि 50 सेंमी रुंद, त्याला दिवाणखान्यातलं टेबलच हवं. उशाशी लहान आकार बघावा. जुना धातूचा नग घेताना डोळे टेबलाच्या पातळीला आणून घुमटाची कड पाहा. आतली बारीक दांडी किंचित वाकली तरी घुमट कलतो, आणि इतक्या साध्या आकारात तो कल लपत नाही. घुमटाला गेलेला पोचाही तसाच उघडा पडतो.

पण माझं मन वळलं ते डिमरमुळे, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणामुळे. अतोल्लोचा उजेड कमी करायचा तर वीजच कमी करावी लागते, आणि जुने डिमर तारेच्या बल्बसाठी केलेले. त्यांना किमान काही वॅटचा भार लागतो. सहा वॅटचा एलईडी लावला की तेवढा भार पडत नाही. मग बल्ब लुकलुकतो, डिमर गुणगुणतो, आणि उजेड हळूहळू उतरण्याऐवजी मध्येच पटकन विझतो. एलईडीसाठी बनवलेला डिमर आणि ‘डिमेबल’ लिहिलेला बल्ब अशी जोडी जमवली तर बरंच सुधारतं, तरी सगळ्यात मंद टोकाला स्थिर उजेड मिळेलच असं नाही. रात्री पाणी प्यायला उठणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

आर्तेमिदे कंपनीच्या एक्लिसेला (1965) हा प्रश्नच पडत नाही. त्यात आतली वाटी फिरवून बल्ब झाकायचा, चंद्रानं सूर्य झाकावा तसा. वीज तेवढीच राहते, उजेड अडतो. त्यामुळे साधा, डिमेबल नसलेला एलईडीसुद्धा शेवटच्या बारीक कडेपर्यंत स्थिर जळतो. या दिव्याची जुनी तक्रार होती ती चटक्याची: तारेच्या बल्बनं वाटी तापायची आणि फिरवताना बोटं भाजायची. एलईडीनं ती जवळजवळ संपवली. म्हणजे ज्या बल्बनं एकाची सोय बिघडवली, त्यानंच दुसऱ्याची खोड काढली.

बल्ब मात्र निवडून घ्या. E14 म्हणजे बारीक आट्यांच्या टोपीचा, 45 मिमी गोल, दुधी काचेचा, फिलामेंट प्रकारचा एलईडी, 3 ते 4 वॅट, 2700 केल्विन म्हणजे पिवळसर उजेडाचा. आपल्याकडे झुंबराच्या बल्बांमध्ये तो मिळतो. प्लॅस्टिकच्या जाड बुडाचा टाळा: त्याचा उजेड टोकाकडेच जास्त जातो. बल्ब उभा बसतो आणि दिव्याचं तोंड बाजूला असतं, त्यामुळे तो बराचसा वर वाया जातो. पुन्हा रंगवलेला नग शक्यतो नकोच. आतल्या आणि बाहेरच्या वाटीत फट थोडी असते. रंगाचा थर जाड झाला की वाट्या घासतात आणि कडेचे टवके उडतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत त्या टवक्यांपासूनच गंज सुरू होतो. वाटी जड फिरत असेल तर तेल घालू नका, त्यावर धूळ बसून ती आणखी अडकते. कोरड्या ब्रशनं आस साफ करा.

वायरिंग मात्र कोणताही जुना नग घेतला तरी बदला. अंग धातूचं, वायर बऱ्याचदा दोनच तारांची आणि आवरण कडक झालेलं. वायर जिथं धातूच्या भोकातून आत जाते तिथं ते आधी तडकतं. 0.75 चौरस मिमीची तीन तारांची वायर घाला, अर्थिंगची तार बुडाच्या धातूला घट्ट जोडा, भोकात वायरभोवती रबरी कडी बसवा. युरोपीय प्लगच्या पिना 4 ते 4.8 मिमी जाडीच्या, आपल्या 6 अँपिअरच्या सॉकेटला 5 मिमीच्या लागतात. ढिल्या बसल्या की ठिणग्या उडतात, म्हणून प्लगही बदला.

टेबल रुंद असेल आणि दिवा संध्याकाळभर पूर्ण उजेडात राहणार असेल, तर अतोल्लो घ्यायला माझी हरकत नाही. उशाशी मी एक्लिसेच सुचवेन. त्याला सुमारे 12 सेंमीची जागा पुरते, आणि तेवढीही नसेल तर तो भिंतीवर टांगता येतो.