देवगिरीची चढण आणि घाईतला गाइड

दौलताबादच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्या, किल्ल्यात महाकोट दरवाजापासून माथ्याजवळच्या बारादरी या महालापर्यंत चढत जाणारी वाट आज पर्यटकांची वाटत असली, तरी मुळात ती एका राजधानीचा हमरस्ता होती, आणि दारापाशी मिळणाऱ्या गाइडची पारख याच रस्त्यावर व्हायला हवी.

आमच्या गाइडला अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट, तोंडपाठ होती. वटवाघळांच्या उग्र दर्पात मोबाइलचा उजेड विझवायला लावून, शत्रूला प्रकाशाच्या आशेने थेट खंदकात उतरवणारे वळण कोणते आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून भुयारात धूर कसा कोंडत असत, हे त्याने इतके नेमके दाखवले की मुलेही गप्प झाली. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल होतात.

खालच्या सपाट भागातून मात्र तो आम्हांला अक्षरशः पळवत घेऊन गेला, आणि खरा इतिहास तर तिथेच दाटला आहे. भिल्लम यादवाने वसवलेल्या या नगरीवर १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. १३२७ मध्ये मुहंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे आणली. ज्याला आज भारतमाता मंदिर म्हणतात, ती वास्तू खिलजी काळातली जामा मशीद असून तिच्यात जुन्या देवळांचे कोरीव खांब वापरले आहेत, आणि मूर्ती हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर बसली. एकाच खांबावर हात ठेवून तीन राजवटी सांगता येतील अशी ही जागा, पण गाइडने ती दोन वाक्यांत उरकली. समोरचा बहमनी काळातला चाँद मिनार त्याच्या लेखी केवळ फोटोची जागा होता. आत चढायला बंदी आहे, हेही आम्हीच विचारले तेव्हा कळले.

चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून चिकटून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशहा इथेच औरंगजेबाच्या कैदेत होता. शेजारच्या बुरुजावरील मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला घडवलेले मेंढ्याचे डोके जवळून पाहावे. त्याची वळलेली शिंगे सुरेख उतरली आहेत.

माझे मत असे की, गाइड अवश्य घ्यावा, पण दर आधी ठरवावा आणि हत्ती हौद, मंदिर व मिनार येथे थांबण्याची अट घालावी. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचे माथ्यावरील स्थान पाहायचे असल्यास तेही आधीच सांगावे, कारण बहुतेक गाइड बारादरीवरूनच माघारी वळतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे.