लिंक्डइनवरील शिफारशीची सोय: चांगली, पण नीट न वापरलेली

नोकरी सोडताना हाती पडणारे अनुभव प्रमाणपत्र बहुधा दोन-तीन वाक्यांचे असते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले, पद हे होते, वर्तणूक समाधानकारक होती, यापलीकडे त्यात काही नसते. त्या माणसाने प्रत्यक्षात काय काम केले आणि ते कसे केले, हे सोबत काम करणाऱ्यांनाच ठाऊक असते आणि कंपनी सुटली की ते ज्ञान मागेच राहते. ते लिहून ठेवण्याचे एक साधन म्हणून मी लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातील ओळखींच्या संकेतस्थळावर सहकाऱ्यांविषयी लिहिता येणाऱ्या शिफारशीच्या सोयीकडे पाहतो. सहकाऱ्यांसाठी ती सातत्याने वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सोय विचारपूर्वक घडवलेली आहे, परंतु तिच्यावर लिहिला जाणारा बहुतेक मजकूर तिच्या तोलाचा नसतो.

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेण्याचा करार केला, हे बहुतेकांना माहीत असते. शिफारशीची सोय नेमकी कशी चालते, हे मात्र वापरण्याची वेळ आल्याशिवाय कळत नाही. ज्या व्यक्तीशी आपण तेथे थेट जोडलेले आहोत तिच्याविषयीच लिहिता येते. लिहिण्याआधी आपले नाते निवडावे लागते: आपण तिचे वरिष्ठ होतो, हाताखाली होतो, एकाच गटात होतो, की ती आपली ग्राहक होती. त्या वेळचे पदही सांगावे लागते. मजकुराला तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे आणि ती पुरेशी आहे. लिहिलेला मजकूर प्रथम त्या व्यक्तीकडे जातो आणि तिने स्वीकारल्यावरच तिच्या प्रोफाइलवर दिसू लागतो. तिला तो लपवता येतो, सुधारून मागता येतो, परंतु त्यातील एक शब्दही स्वतः बदलता येत नाही. लिहिणाऱ्याला मात्र तो पुढे कधीही दुरुस्त करता येतो किंवा मागे घेता येतो. या साऱ्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

या रचनेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब म्हणजे नाव आणि नाते दोन्ही उघड असणे. २०१२ मध्ये लिंक्डइनने कौशल्यांना एका क्लिकसरशी दुजोरा देण्याची सोय आणली, आणि तेव्हापासून ज्यांच्यासोबत आपण एकही दिवस काम केलेले नाही असे ओळखीचे लोकही आपल्या ‘नेतृत्वाला’ दुजोरा देऊन जातात. त्याला अडवणारे काही नाही, कारण त्यात कोणाचे काही पणाला लागत नाही. शिफारस लिहिणाऱ्याचे तसे नसते. त्याचे नाव, छायाचित्र आणि नाते मजकुराच्या शेजारीच दिसते. मुलाखत घेणाऱ्याने ते वाचून उद्या फोन केला, तर लिहिलेल्या प्रत्येक वाक्यामागे उभे राहावे लागते.

मग तिथे येणारा मजकूर इतका पोकळ का असतो? ‘अत्यंत मेहनती, कामावर निष्ठा असलेले, हसतमुख व्यक्तिमत्त्व, त्यांच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.’ हा मजकूर लेखापालाला लागू पडतो, परिचारिकेला लागू पडतो आणि आपण ज्याला पुन्हा कामावर घेणार नाही अशा माणसालाही लागू पडतो. निरोप समारंभात असे बोलणे योग्यच असते, कारण ऐकणारे सर्वजण त्या व्यक्तीला ओळखत असतात. शिफारस वाचणारा मात्र अनोळखी असतो आणि त्याला निर्णय घ्यायचा असतो.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझ्यासोबत गुणवत्ता विभागात काम केलेल्या एका सहकाऱ्यासाठी मी लिहिलेला मजकूर येथे देतो, कारण नेमकेपणा म्हणजे काय ते त्यावरून स्पष्ट होईल: ‘रात्रपाळीचा माल ग्राहकाकडून वारंवार परत येत होता आणि मशीनवरच्या कामगाराला नोटीस देण्याची तयारी झाली होती. यांनी नोटीस थांबवायला सांगितली, रात्रपाळीला स्वतः थांबून मोजणी पाहिली आणि त्या पाळीत वापरला जाणारा गेज, म्हणजे मोजमापाचे उपकरणच चुकीचे माप दाखवत असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर पाळी सुरू होताना गेज मास्टर पीसवर (अचूक मापाच्या नमुन्यावर) तपासून नोंद करण्याची पद्धत त्यांनी लावून दिली. त्यांचे अहवाल संक्षिप्त असतात आणि त्यांत दोष माणसावर ढकललेला नसतो.’ यात ‘प्रामाणिक’ हा शब्द नाही, ‘जबाबदार’ नाही आणि ‘नेतृत्वगुण’ही नाहीत. वाचणाऱ्याला तिन्ही दिसतात. ग्राहकाचे नाव आणि नाकारलेल्या मालाचे आकडे मी जाणूनबुजून टाळले. कंपनीची गोपनीय माहिती सहकाऱ्याच्या कौतुकासाठीही उघड करता कामा नये. काही कंपन्या आपल्या अधिकाऱ्यांना माजी कर्मचाऱ्यांविषयी नोकरीच्या तारखांखेरीज काही लिहू देत नाहीत, म्हणून वरिष्ठ पदावरील व्यक्तीने आधी मनुष्यबळ विभागाला विचारून घ्यावे.

स्त्री सहकाऱ्यांविषयी लिहिताना मी मजकूर दुसऱ्यांदा वाचतो. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी अमेरिकेतील एका वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासून २००३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्त्रियांविषयीची पत्रे सरासरीने आखूड निघाली आणि शंका निर्माण करणारी वाक्ये त्यांत अधिक आढळली. पुरुषांचे वर्णन संशोधक म्हणून होण्याकडे कल होता, तर स्त्रियांचे शिक्षिका म्हणून. आपल्याकडच्या शिफारशी वाचताना मला हाच कल जाणवतो. ज्या बाईंनी संपूर्ण ऑडिट पेलले, त्यांच्याविषयी ‘सर्वांना सांभाळून घेणाऱ्या, मनमिळाऊ’ असे लिहिले जाते. मनमिळाऊपणा हा गुणच आहे, पण ऑडिट कोणी पेलले हे लिहायचे राहून जाते आणि पुढच्या पदासाठी नेमके तेच हवे असते.

‘तुम्ही माझी लिहा, मी तुमची लिहितो’ हा व्यवहार येथे मोठ्या प्रमाणावर चालतो आणि तो लपत नाही, कारण मिळालेल्या व दिलेल्या शिफारशी प्रोफाइलवर शेजारी शेजारी दिसतात. एकाच आठवड्यात एकमेकांविषयी लिहिलेल्या दोन स्तुतिपर परिच्छेदांचे वजन अनुभवी वाचक लगेच कमी करतो, मग त्यांतील शब्द न् शब्द खरा का असेना. अलीकडे मजकूर तयार करून देणारी साधने हाताशी आल्यापासून गुळगुळीत, निर्दोष आणि कोणाचाच नसलेला मजकूरही वाढला आहे. प्रसंग आपण सांगितला आणि भाषा साधनाकडून साफ करून घेतली, तर माझी हरकत नाही. प्रसंगच साधनाने रचायचा असेल, तर तिथे सहीही साधनाचीच असावी.

सोयीच्या रचनेत मला एकच मोठा दोष दिसतो आणि तो मागणीच्या टप्प्यावर आहे. शिफारस मागताना संदेशाची चौकट आधीच एका औपचारिक वाक्याने भरलेली येते आणि बहुतेकजण ती तशीच पुढे पाठवतात. विनंती मिळणाऱ्याला कोणत्या कामाविषयी लिहायचे याचा पत्ता लागत नाही. तो कामाच्या रगाड्यात ते बाजूला ठेवतो किंवा वर दाखवलेल्या साच्यातील चार विशेषणे पाठवून मोकळा होतो. त्या चौकटीत ‘आपण सोबत केलेले कोणते काम त्यांनी आठवावे?’ असा प्रश्न लिंक्डइनने विचारला असता, तर अर्ध्या पोकळ शिफारशी टळल्या असत्या असे मला वाटते. तोवर मागणाऱ्यानेच ते तयार वाक्य पुसून आपले लिहावे: ‘सर, मी पुरवठादारांच्या तपासणीच्या कामासाठी अर्ज करत आहे. गेल्या वर्षी फौंड्रीच्या मालाचा जो प्रश्न आपण सोडवला, त्यातील माझ्या भागाविषयी चार ओळी लिहाल का? वेळ नसेल तर तसे निःसंकोच कळवावे.’ अशा विनंतीवर आलेला मजकूर मी अनेकदा वाचला आहे, आणि तो क्वचितच पोकळ असतो.