नवे ‘प्लेयर्स हँडबुक’: नियम बदलले, नावे तीच राहिली

नौपाड्यात एका मित्राच्या घरी दर दुसऱ्या रविवारी आम्ही सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसतो. काल्पनिक पात्रे घेऊन, फासे टाकत, सगळ्यांनी मिळून एक साहसकथा रचायची, असा हा खेळ. बोलणे सगळे मराठीत होते, नियम मात्र इंग्रजी पुस्तकातले असतात आणि अडले की तेच पुस्तक उघडावे लागते. त्यामुळे सप्टेंबर २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीचे सुधारित ‘प्लेयर्स हँडबुक’, म्हणजे खेळाडूंसाठीचे मुख्य नियमपुस्तक, आल्यावर आम्ही वर्गणी काढून एक प्रत घेतली. ती पुरेशी वापरून झाल्यावर हे लिहितो आहे.

पुस्तक चांगले आहे. २०१४ च्या प्रतीत ३२० पाने होती, या प्रतीत ३८४ आहेत आणि वाढलेल्या पानांचे चीज झाले आहे. शेवटी दिलेला नियमांचा वर्णानुक्रमे कोश हा माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत उपयुक्त भाग आहे, कारण ऐन लढाईत एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ शोधण्यासाठी आता तीन प्रकरणे चाळावी लागत नाहीत. पूर्वी काही क्लासना (क्लास म्हणजे योद्धा, जादूगार असा पात्राचा प्रकार) उपवर्ग, म्हणजे त्या प्रकारातली खास शाखा, पहिल्या लेव्हलला मिळत असे, काहींना दुसऱ्या, तर काहींना तिसऱ्या. आता बाराही क्लासना तो तिसऱ्या लेव्हललाच मिळतो आणि नवख्या खेळाडूला समजावून सांगणे सोपे जाते. औषधाची कुपी पिण्यात आता पाळीतली मुख्य कृती वाया जात नाही, बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे जादा छोट्या कृतीत, काम होते. आमच्यासारखे कितीतरी गट हा नियम आधीपासून घरगुती म्हणून वापरत होते. खेळणारे जे करतातच, ते प्रकाशकाने छापील नियमात घ्यावे, ही सुधारणेची योग्य रीत आहे.

माझी तक्रार नावांविषयी आहे. एका रविवारी आमच्यातल्या दोघांनी एकाच लढाईत ‘क्युअर वूंड्स’ हा जखमा भरून काढणारा पहिल्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) वापरला. एकीने आठ बाजूंचा एक फासा टाकला, दुसऱ्याने दोन टाकले. दोघांसमोर पुस्तक उघडे होते आणि आपापल्या पुस्तकाप्रमाणे दोघेही बरोबर होते, कारण २०१४ मध्ये एक फासा होता आणि २०२४ मध्ये दोन झाले. हा फरक निदान आकड्याचा आहे. ‘कॉन्ज्युअर ॲनिमल्स’ या स्पेलने पूर्वी प्राण्यांच्या रूपातले वेगवेगळे जीव येत, त्यांना स्वतःची पाळी असे. आता भुतासारखा एक कळप येतो, तो जवळच्या शत्रूंना दहा बाजूंच्या तीन फाशांची इजा करतो. नाव तेच, लेव्हलही तिसरीच, पण स्पेल दुसराच आहे. बदललेल्या स्पेलच्या नावाशेजारी एखादी छोटी खूण छापली असती, तरी वाचणारा सावध झाला असता.

पुस्तकाचेच नाव जिथे तेच आहे, तिथे हे व्हायचेच. आमच्यातल्या एकाने ठाण्यातल्या एका दुकानातून ‘नवे’ म्हणून आणलेली प्रत घरी आल्यावर २०१४ ची निघाली. याच खेळाची तिसरी आवृत्ती २००० साली आली आणि २००३ मध्ये ती सुधारली, तेव्हा तिला ३.५ म्हटले गेले होते. त्या अर्ध्या आकड्यामुळे मुखपृष्ठ पाहताच फरक कळत असे. या वेळी नवा आकडा दिला नाही, कारण जुनी साहसे नव्या नियमांनी खेळता यावीत, असा प्रकाशकाचा हेतू आहे. तो हेतू बऱ्याच अंशी साधलाही आहे. आमचे अर्धवट राहिलेले कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी कथा, फारशी डागडुजी न करता पुढे गेले. तरीही हेतू चांगला आहे म्हणून खूण नको, असे होत नाही.

पायझो या प्रकाशकाने नोव्हेंबर २०२३ पासून पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची सुधारित पुस्तके आणली, तेव्हा डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम वापरू देणाऱ्या जुन्या परवान्यातून बाहेर पडण्यासाठी त्यांना बरीच नावे बदलावी लागली. ‘मॅजिक मिसाइल’चे ‘फोर्स बॅराज’ झाले. नियम जवळपास तोच राहून नाव बदलले, तर खेळाडू दोन दिवस कुरकुरतो आणि शिकतो. नाव तेच राहून नियम बदलला, तर आपले चुकते आहे हे त्याला कळतच नाही. म्हणून मला दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो.

‘डी अँड डी बियॉन्ड’ या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या अधिकृत डिजिटल सेवेतही हाच प्रश्न ऑगस्ट २०२४ मध्ये उभा राहिला होता. कॅरेक्टर शीटवरचे, म्हणजे पात्राच्या माहितीच्या पानावरचे, जुने स्पेल काढून त्यांच्या जागी नवे येतील, असे जाहीर झाले आणि खेळाडूंनी जोरदार हरकत घेतल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. विकत घेतलेले नियम परस्पर बदलू नयेत, ही अपेक्षा रास्तच होती. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा मूळ गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापराची मुभा देणाऱ्या परवान्याखाली मोफत उपलब्ध झाला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. मराठीत या खेळाचे साहित्य कुणाला तयार करायचे असेल, तर त्याचा पाया तिथे आहे.

नव्याने खेळायला लागणाऱ्यांनी हेच पुस्तक घ्यावे. ज्यांच्याकडे २०१४ ची प्रत आहे आणि कॅम्पेन चालू आहे, त्यांनी घाई करू नये. गटात एक नवी प्रत पुरते. आम्ही दोनशे पानी वहीत बदललेल्या स्पेलची यादी करायला घेतली आहे, डावीकडे जुना नियम आणि उजवीकडे नवा. सध्या ती ‘सी’ या अक्षरापर्यंत आली आहे.